झाकून ठेवलेले ताट

गेल्या नाताळच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामातील एका घरी भेटीस गेलो असता इंग्लंडहून आलेली त्या घरची नात भेटली. तिचे आईवडील बरीच वर्षे लंडनच्या एका उपनगरात स्थायिक आहेत. आई इस्पितळात परिचारिका आहे. बोलता बोलता चित्रपटांचा विषय निघाला. तेव्हा तिने काहीशा संकोचाने सांगितले, की शाळेत असताना, २०१३ साली, तिने व तिच्या तीन वर्गमैत्रिणींनी अभ्यासाचा भाग म्हणून एक छोटा थरारपट तयार केला होता. आम्ही तो पाहण्याची इच्छा व्यक्त केली आणि एकदा पाहून समाधान न झाल्याने लागोपाठ तीनदा पाहिला. सोबत तिने त्या वेळच्या नियोजनाच्या वहीची पानेही संगणकावर उघडून दाखविली. चित्रपट एक मिनिट पन्नास सेकंदांचा. वही मात्र साठाहून अधिक पानांची. या लेखात आम्ही दोहोंचा विचार करणार आहोत. कारण आमच्या मते या चित्रपटातील सर्वांत चांगले दृश्य चित्रपटात नाहीच. ते वहीत राहून गेले आहे.

या अभ्यासप्रकाराची थोडी ओळख प्रथम करून दिली पाहिजे. इंग्लंडमध्ये सोळा वर्षांची झालेली मुले विद्यापीठात जाण्यापूर्वी दोन वर्षे काही निवडक विषय शिकतात, त्यांत माध्यम-अभ्यास हा एक विषय असतो. ओसीआर या परीक्षा मंडळाच्या २००८पासून शिकविल्या गेलेल्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी प्रात्यक्षिक करावे लागे. (२०१७पासून नवे अभ्यासक्रम आले आणि तो मागे पडला.) चित्रपटाचा पर्याय घेणाऱ्यांना आधी सरावासाठी एक साधे दृश्य चित्रित करण्यास सांगितले जाई : एक पात्र दार उघडते, खोली ओलांडते, दुसऱ्या पात्रासमोर खुर्चीवर बसते आणि दोघांत एकदोन वाक्ये होतात. दिसायला हे क्षुल्लक आहे; परंतु बाहेरून मुठीवर पडलेला हात आणि आतून उघडणारे दार ही दोन वेगळ्या वेळी टिपलेली दृश्ये एकाच हालचालीसारखी जुळली पाहिजेत; बोलणाऱ्या दोघांचे चेहरे आलटूनपालटून दाखविताना कॅमेऱ्याने त्यांच्यामधली काल्पनिक रेषा ओलांडता कामा नये, नाहीतर समोरासमोर बसलेली माणसे एकाच दिशेला पाहत असल्यासारखी दिसतात. यालाच १८० अंशांचा नियम म्हणतात. संकलनाचे व्याकरण शिकविण्यासाठी याहून चांगला पाठ आम्हांस ठाऊक नाही.

त्यानंतर मुख्य काम. एका नव्या, काल्पनिक चित्रपटाची श्रेयनामावली व आरंभ, जास्तीत जास्त दोन मिनिटांचा. गटात चारपर्यंत विद्यार्थी असत. दृश्ये व ध्वनी स्वतःचेच हवेत. केवळ संगीत व ध्वनिपरिणाम स्वामित्वहक्कमुक्त साठ्यातून घेण्यास मुभा होती. शंभर गुणांपैकी २० संशोधन व नियोजनाला, ६० निर्मितीला आणि २० मूल्यमापनाला. चित्रपटाचा प्रकार कोणता असावा यावर बंधन नव्हते. तरी पुष्कळ गट थरारपटाकडेच वळत. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. विनोदाला लेखन लागते, प्रेमकथेला अभिनय लागतो; थरारपटाला मात्र एक ओला रस्ता, एक धावणारी मुलगी आणि तोंड झाकलेला एक मुलगा पुरतो, असा समज असतो. हा समज कितपत खरा आहे, हाच आमच्या लेखाचा प्रश्न.

आता चित्रपटाकडे वळू. संध्याकाळ. बसथांब्यावर बस येते, एक शाळकरी मुलगी उतरते. रस्त्यावर दिव्यांचा पिवळा उजेड. मुलगी चालू लागते, पावलांचा आवाज. मग आणखी कोणाच्या तरी पावलांचा आवाज. ती थांबते, आवाज थांबतो. हूडीने डोके झाकलेली एक आकृती कोपऱ्यावर दिसते. मुलगी धावू लागते. कॅमेरा हातात धरून तिच्यामागे धावतो. एक गल्ली, एक बंद दार, किल्ल्या खाली पडतात. वळलेला चेहरा, हाताने झाकलेले तोंड, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत चित्रपटाचे नाव.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलींचे काम म्हणून यातील गुण प्रथम सांगितले पाहिजेत. पावलांच्या दोन आवाजांचा खेळ खरोखर चांगला साधला आहे. वहीवरून कळते, की रस्त्यावर घेतलेला आवाज वाऱ्याने बिघडला, म्हणून त्यांनी तो शाळेच्या जिन्यात पुन्हा मुद्रित केला. किल्ल्या पडतानाचे दृश्य जमिनीलगत कॅमेरा ठेवून घेतले आहे आणि ते अचूक जागी कापले आहे. बसमधून उतरणारा पाय आणि पदपथावर पडणारा पाय यांचा जोड बेमालूम आहे. दाराचा सराव येथे फळाला आला. उणिवाही आहेत. धावतानाचा कॅमेरा इतका हलतो, की कोण कोणाच्या मागे आहे तेच कळत नाही आणि संगीत पहिल्या सेकंदापासून भीतीचा डांगोरा पिटते. परंतु या उणिवा सरावाने जाण्यासारख्या आहेत. आम्हांस खुपले ते वेगळेच. तिन्ही वेळा चित्रपट पाहिला आणि तिन्ही वेळा आम्ही दचकलो, पण एकदाही घाबरलो नाही. त्या मुलीचे काय होणार याची चिंता आम्हांला वाटलीच नाही, कारण ती कोण होती हे आम्हांला कोणी सांगितलेच नव्हते.

हूडीतल्या आकृतीचेही तसेच. विद्यार्थ्यांना मूल्यमापनासाठी जे सात प्रश्न असत, त्यांतील एक समाजातील विशिष्ट गटांचे चित्रण कसे झाले आहे यासंबंधी होता. वहीत त्याला अर्ध्या पानाचे उत्तर आहे : तरुण मुले धोकादायक असतात असे वृत्तपत्रांत येते, तेच आम्ही वापरले. मे २००५मध्ये केंट परगण्यातील ब्लूवॉटर या मोठ्या बाजारसंकुलाने हूडीने चेहरा झाकून येण्यास मनाई केली, तेव्हापासून इंग्लंडमध्ये हे वस्त्र एका सामाजिक संशयाचे चिन्ह होऊन बसले. ज्या शाळेतील कितीतरी मुले थंडीत हेच वस्त्र घालून येत असतील, त्या शाळेतल्या चौघींनी खलनायकाला दुसरी कोणतीही ओळख देऊ नये, याची नोंद घेणे भाग आहे. बळी अनोळखी आणि मारेकरीही अनोळखी, म्हणजे दोघेही केवळ वेशभूषाच राहिले.

वही चाळताना मात्र आम्ही एका पानावर थांबलो. चित्रीकरणापूर्वी दृश्ये चौकटीचौकटींनी रेखाटतात, त्याला स्टोरीबोर्ड म्हणतात. पहिल्या आराखड्यातील सातव्या चौकटीत एक स्वयंपाकघर होते. टेबलावर एक ताट, त्यावर दुसरे ताट पालथे घालून झाकलेले. भिंतीवर घड्याळ, दहा वाजून दहा मिनिटे. बाजूला पेन्सिलीने दोन शब्द : मम्मीचे ताट. पुढच्या आराखड्यात या चौकटीवर आडवी रेघ होती.

“हे का गाळलेस?” आम्ही विचारले.

“फादर, टीचर म्हणाले, यात थ्रिलर कुठे आहे? हे तर फॅमिली ड्रामा झालं. आणि रस्त्यावरून येणारी बाई मम्मी करणार होती, पण तिला ड्यूटी लागली. मग मीच मुलगी झाले.”

“म्हणजे आधी गोष्ट आईची होती?”

“हो ना. मम्मीची संध्याकाळची ड्यूटी असली की मी तिचं जेवण झाकून ठेवायची. साडेनऊची बस गेली आणि ती आली नाही, की मी खिडकीत जाऊन उभी राहायची. मला तेव्हा खूप भीती वाटायची. पण ती काय दाखवायची?”

या शेवटच्या वाक्याभोवतीच थरारपटाचे सारे शास्त्र फिरते.

आम्ही सेमिनरीत शिकत असताना ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचा पाठ आम्हांला होता. शोकात्मिकेतील करुणा आणि भीती यांची मीमांसा करताना तो सांगतो, की करुणा वाटते ती अकारण संकटात सापडलेल्या माणसाविषयी, आणि भीती वाटते ती आपल्यासारख्या माणसाविषयी. ही फोड थरारपटाला जशीच्या तशी लागू पडते. पडद्यावरील माणूस आपल्यासारखा आहे असे वाटल्याखेरीज त्याच्यावरचे संकट आपल्याला भिववीत नाही. ते फक्त दचकविते. भयानक रसाची चर्चा करणाऱ्या आपल्या शास्त्रकारांनीही आलंबनाशिवाय रस कल्पिलेला नाही.

आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९६२ साली फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत, जी १९६६मध्ये ग्रंथरूपाने आली, धक्का आणि उत्कंठा यांतील भेद एका उदाहरणाने समजावला आहे. दोन माणसे टेबलाशी बसून गप्पा मारीत आहेत. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. पण बॉम्ब तेथे आहे आणि तो एक वाजता फुटणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा पंधरा मिनिटे त्याचा जीव टांगणीला लावतात. म्हणजे उत्कंठेचे मूळ अंधारात नसून माहितीत आहे. आमच्या विद्यार्थिनींनी प्रेक्षकापासून सर्व काही लपविले. त्यामुळे त्यांच्या हाती फक्त पंधरा सेकंद उरले.

याच दिग्दर्शकाच्या ‘सायको’ (१९६०) मधील स्नानगृहातील खुनाचे दृश्य माध्यम-अभ्यासाच्या वर्गांत हमखास दाखविले जाते. सुमारे पाऊण मिनिटाच्या त्या दृश्यासाठी सात दिवस चित्रीकरण चालले आणि कॅमेऱ्याच्या सत्तरहून अधिक मांडण्या झाल्या, हे विद्यार्थी वहीत उतरवून घेतात. आमच्या या वहीतही ते आहे. परंतु त्या पाऊण मिनिटापूर्वी दिग्दर्शकाने मॅरियन या स्त्रीला जवळजवळ पाऊण तास दिला आहे, ही गोष्ट वहीत नाही. तिने चोरी केली आहे, ती घाबरली आहे, आणि पैसे परत करण्याचे ठरवून मग ती स्नानाला गेली आहे. चाकू दिसण्यापूर्वी ती आपली झालेली असते.

तुम्ही म्हणाल, पाऊण तास देणाऱ्याशी दोन मिनिटे मिळणाऱ्यांची तुलना कशासाठी? आक्षेप योग्य आहे. म्हणून आम्ही एका आरंभाचेच उदाहरण घेतो. फ्रिट्झ लांग यांचा ‘एम’ हा जर्मन चित्रपट १९३१ सालचा. बर्लिनमध्ये लहान मुलांचे खून होत आहेत. चाळीसारख्या एका इमारतीत कपडे धुणारी एक आई शाळेतून येणाऱ्या आपल्या मुलीची, एल्सीची, वाट पाहते. घड्याळात दुपारचे बारा वाजतात. ती टेबलावर मुलीचे ताट मांडते. तिकडे एल्सी चेंडू उडवीत चालली आहे. ज्या फलकावर ती चेंडू आपटते, त्यावर खुन्यासाठी दहा हजार मार्कांचे इनाम लिहिलेले आहे, आणि त्याच फलकावर एका माणसाची सावली पडते. तो माणूस शीळ घालीत तिला आंधळ्या विक्रेत्याकडून फुगा घेऊन देतो. पुन्हा आई. जिन्यावर पावले वाजतात, ती दुसऱ्याच मुलांची. दारावर घंटा वाजते. थरारक कादंबरीचा नवा भाग घेऊन फेरीवाला आलेला असतो. ती त्यालाही विचारते, एल्सी दिसली का? सव्वा वाजतो. आई जिन्यात वाकून हाक मारते, आणि त्या हाकेवर एकामागून एक दृश्ये येतात : रिकामा जिना, वाळत घातलेल्या कपड्यांचा रिकामा माळा, टेबलावरचे रिकामे ताट, झुडपाआडून घरंगळत आलेला चेंडू, तारांत अडकलेला फुगा.

खून दाखविलेला नाही, धावाधाव नाही. तरीही चित्रपटांच्या इतिहासात यापेक्षा भयंकर आरंभ आम्हांस आठवत नाही. याचे कारण ते ताट. ताट मांडणारी कोणीतरी आहे, म्हणून न येणारी कोणीतरी आहे. दाराशी आलेली थरारक कादंबरी ही तर लांग यांची मार्मिक योजना. सवंग थरार घरपोच मिळतो आहे आणि खरा थरार त्याच वेळी रस्त्यावर घडतो आहे. बाबूराव अर्नाळकर, ज्यांच्या टोपणनावातच आमच्या किनाऱ्यावरील अर्नाळा आहे, त्यांचे धनंजय आणि झुंझार आमच्याही लहानपणी आम्ही चोरून वाचले आहेत, आणि त्या वाचनाचा आनंद आम्ही नाकारीत नाही. परंतु ते वाचून झाल्यावर आमची आई बाजारातून उशिरा आली, की जी भीती वाटे ती त्या पुस्तकांतली नसे.

आमच्या या मुलीने २०१३ साली ‘एम’ पाहिला नव्हता. त्याचे नावही ऐकले नव्हते. तरी ती स्वतःच्या स्वयंपाकघरातून त्याच ताटापाशी पोहोचली होती. फरक इतकाच, की बर्लिनमध्ये आई मुलीसाठी ताट मांडते आणि येथे मुलगी आईसाठी ताट झाकते. ही उलटापालट तिची स्वतःची आहे. परदेशी इस्पितळांत पाळ्या करणाऱ्या मातांच्या कित्येक मुलामुलींचे जिणे त्या एका चौकटीत आले होते. आणि तीच चौकट नियोजनात खोडली गेली.

येथे एक विरोधी उदाहरण प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. रोमान पोलान्स्की यांनी पोलंडमधील लॉड्झच्या चित्रपट विद्यालयात शिकत असताना १९५७ साली ‘खून’ नावाचा एक अगदी चिमुकला अभ्यासपट केला. दार उघडते, एक माणूस आत येतो, झोपलेल्या माणसाला खिशातल्या चाकूने भोसकतो आणि निघून जातो. बळी कोण, मारेकरी कोण, काहीच सांगितलेले नाही. तरी तो पाहणाऱ्याच्या मनात राहतो. पोलान्स्की यांच्या नावावर १९७७ साली अमेरिकी न्यायालयात कबूल केलेल्या गुन्ह्याची गडद छाया आहे आणि ती विसरून त्यांच्याविषयी लिहिता येत नाही. येथे विचार फक्त त्या विद्यार्थिदशेतील अभ्यासाचा. तो परिणाम करतो तो त्यातील थंडपणामुळे. माणूस जसा खोलीत येऊन दिवा मालवील तसा तो जीव मालवतो. ओळख नसणे हाच तेथे आशय आहे. पण हा थंडपणा एकदाच चालतो, हे त्या विद्यार्थ्यालाही कळले असावे. पाच वर्षांनी, १९६२मध्ये, त्याने ‘पाण्यातील सुरी’ हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट केला, त्यात एक नाव आहे, पतिपत्नी आहेत, वाटेत भेटलेला एक तरुण आहे, त्याच्याकडे सुरी आहे; आणि खून होतच नाही. उत्कंठा सारी त्या तिघांच्या स्वभावांतून येते.

वर्गशिक्षकांचीही बाजू आहे. त्यांना चाळीसेक मुलांचे काम ठरावीक मुदतीत तपासायचे असते, आणि मूल्यमापनाचा पहिलाच प्रश्न प्रस्थापित चित्रपटांचे संकेत तुम्ही कसे वापरले, वाढविले वा नाकारले, असा असे. हूडी, गल्ली, किल्ल्या हे संकेत बोट ठेवून दाखविता येतात. झाकलेले ताट दाखविता येत नाही. तरीही त्याच प्रश्नात नाकारण्याची मुभा होती, हे विसरून चालणार नाही. सातही प्रश्न आम्ही लक्षपूर्वक वाचले. वितरण, प्रेक्षकवर्ग, तंत्रज्ञान, सरावापासून झालेली प्रगती, सारे त्यांत आहे. या माणसासाठी प्रेक्षकाने का घाबरावे, हा एक प्रश्न मात्र नाही. वहीत चित्रीकरणस्थळाच्या धोक्यांचा तक्ता आहे : ओल्या पायऱ्या, रहदारी, अंधार. कॅमेऱ्यामागच्या चौघींच्या सुरक्षिततेचा इतका काळजीपूर्वक विचार झाला. कॅमेऱ्यापुढच्या मुलीची काळजी प्रेक्षकाला का वाटावी, याला एक ओळ मिळाली नाही.

मग दोन मिनिटांत काय करता आले असते? टीकाकाराने दोष दाखवून थांबू नये, म्हणून आमचा आराखडा देतो. पहिली वीस सेकंदे : दोन हात ताटात भात वाढतात, कालवण वाढतात, दुसरे ताट पालथे घालतात, घड्याळात साडेनऊ. मग बसथांबा, दुरून. एक स्त्री उतरते, पाठमोरी, जाड कोट आणि खांद्याला पिशवी. पुन्हा स्वयंपाकघर, फोनवरचा एक संदेश : बसमधून उतरले. मग रस्ता आणि चौघींनी जिन्यात कष्टाने मुद्रित केलेले ते दोन पावलांचे आवाज. पुन्हा स्वयंपाकघर, दहा वाजून दहा मिनिटे. मुलगी खिडकीत. फोन लावते, घंटी वाजत राहते. शेवटी वरचे ताट उचलले जाते. त्याच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब जमून गार झालेले. येथे चित्रपटाचे नाव. संगीत नाही.

याला नवे साहित्य काही लागत नाही. आईला ड्यूटी होती हीदेखील अडचण नव्हती. पाठमोऱ्या कोटातून कोणीही चालले असते, आणि चेहरा न दिसल्याने ती स्त्री पाहणाऱ्या प्रत्येकाची आई झाली असती. नियोजन म्हणजे उपलब्ध माणसे आणि तारखा यांची जुळवणी एवढेच आपण समजतो. पहिले नियोजन वेगळे असते : प्रेक्षकाला काय कळावे, कधी कळावे, आणि कोणासाठी त्याचा जीव खालीवर व्हावा. ते झाले की उरलेले एका कागदावर मावते.

हे सारे आम्ही एका जुन्या शालेय प्रयत्नावर इतक्या विस्ताराने का लिहिले, असे कोणी विचारील. आज आमच्या वसईतही महाविद्यालयांतील माध्यमशाखेची मुले मोबाइलवर लघुपट करतात आणि आम्हांला आवर्जून दाखवितात. त्यांतही हूडी आहे, रिकामी इमारत आहे, परकीय मालिकांतून उचललेली पार्श्वध्वनीची धडधड आहे. तंत्राने ती मुले चांगली तयार आहेत. परंतु शेवटची लोकल चुकलेल्या बापाची वाट पाहणारे घर, वादळात बोट परतली नाही म्हणून किनाऱ्यावर उभी असलेली माणसे, ही त्यांना थरारपटाची सामग्री वाटत नाही; ती त्यांना ‘आपली’ आणि म्हणून सामान्य वाटते. हा गैरसमज दूर झाला तर त्यांच्या कॅमेऱ्यांना वेगळ्या अंधाराची गरज पडणार नाही.

निघताना आम्ही त्या मुलीला म्हणालो, की तिच्या वहीला वीसपैकी किती गुण मिळाले हे आम्हांला ठाऊक करून घ्यायचे नाही. “पण बाळ, ती सातवी चौकट अजून तुझ्याकडे आहे. ती चित्रित कर.” ती हसली आणि म्हणाली, मम्मीला अजूनही पाळीच्या ड्यूट्या असतात. मग सुट्टीचा दिवस पाहावा, असे आम्ही सुचविले. पाठमोरी चालायला दहा मिनिटे पुरतील.